स्ट्रिंग बँड : काउबॉय गाणी आणि कंट्री ब्लूज

अमेरिकेची दक्षिणेकडील राज्ये आणि टेक्सस-ओक्लाहोमाचा पट्टा येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत गावोगावी आढळणारा तंतुवाद्यांचा छोटा ताफा म्हणजे स्ट्रिंग बँड. ताफ्यात दोन-तीन ते पाच-सहा माणसे असत. वाद्ये म्हणजे फिडल, गिटार, बँजो, कधी मँडोलिन आणि ऐपत असेल तर उभा बास. फिडल हे वेगळे वाद्य नव्हे. नाचासाठी लोकढंगाने वाजवलेले व्हायोलिनच ते. लग्न, पीक निघाल्यानंतरचा नाच, शनिवारची रात्र, निवडणुकीची सभा, औषधे विकणाऱ्या फिरत्या वैदूंचे खेळ, जिथे बोलावणे येईल तिथे हा ताफा जाई आणि ऐकणारे मागतील ते वाजवी. मागणारे गुरांच्या वाटेवरचे गाणे मागत, तसेच कापसाच्या शेतात राबणाऱ्या काळ्या मजुरांची गाणी, म्हणजे ब्लूजही मागत.

पुढे ग्रामोफोन कंपन्यांनी या गाण्यांची माणसांच्या रंगावरून वाटणी केली. काउबॉय गाणे गोऱ्यांचे आणि ब्लूज काळ्यांचे अशी ती वाटणी, आणि संगीताच्या इतिहासातही ती तशीच उतरली. ताफे खरोखर काय वाजवत होते ते पाहिले की ही वाटणी टिकत नाही. म्हणून येथे दोन्हींचा विचार एकत्र केला आहे.

गुरांच्या वाटेवर

अमेरिकेतील यादवी युद्ध 1865 मध्ये संपले तेव्हा टेक्ससमध्ये लांब शिंगांची लाखो गुरे मोकाट फिरत होती आणि उत्तरेकडच्या शहरांत मांसाला चांगला भाव होता. 1867 मध्ये कॅन्ससमधील ॲबिलीन येथे रेल्वेने गुरे पाठवण्याची सोय झाली. तेव्हापासून दोन-तीन हजारांचा कळप, दहा-बारा गुराखी आणि शिधा-भांड्यांची एक गाडी अशी दोन-तीन महिन्यांची वाटचाल सुरू झाली. यातली सर्वांत प्रसिद्ध वाट चिझम ट्रेल.

काउबॉय गाण्याची लय या कामातूनच आली. रात्री कळप बसला की दोन पहारेकरी घोड्यांवरून त्याच्याभोवती उलटसुलट दिशांनी फेऱ्या घालत. लांबशिंगी जनावर बुजरे असते. काटकी मोडल्याचा आवाज किंवा लांबवरची वीज एवढ्यानेही अख्खा कळप उधळू शकतो. माणसाचा आवाज मात्र अखंड कानावर पडत राहिला तर घोडेस्वार अंधारात कुठे आहे हे गुरांना कळत राहते आणि ती दचकत नाहीत. म्हणून पहारेकरी गात. घोड्याच्या चालीवर, संथ, चढउतार न करता. शब्द संपले की भजनाची ओळ, तीही संपली की नुसते गुणगुणणे. एकाची फेरी पुढे सरकली की समोरून येणाऱ्याचे गाणे ऐकू येई. वाद्याचा यात काही संबंध नव्हता; घोड्यावर लगाम धरलेल्या हाताला गिटार कुठून धरता येणार? गिटार घेतलेला काउबॉय ही पुढे चित्रपटांनी घडवलेली प्रतिमा आहे.

हे युग जेमतेम वीस वर्षांचे. काटेरी तारेचे जोसेफ ग्लिडनचे पेटंट 1874 चे. कुंपणे आणि लोहमार्ग दोन्ही वाढत गेले आणि 1880 च्या दशकाच्या मध्यानंतर लांबच्या वाटा बंद पडल्या. गुराख्यांत सुमारे चौथा हिस्सा काळे लोक होते असा इतिहासकारांचा प्रचलित अंदाज आहे. मेक्सिकन गुराखी म्हणजे वाकेरो तर त्यांच्याही आधीपासून हे काम करत होते. लॅसो आणि रोडिओ हे शब्द त्यांचेच. चाली बऱ्याचदा आयर्लंड-स्कॉटलंडकडून आलेल्या जुन्या कथागीतांच्या. लारेडो गावच्या रस्त्यावर मरणासन्न पडलेल्या तरुण काउबॉयचे प्रसिद्ध गीत हे ब्रिटिश बेटांतल्या अशाच एका मरणगीताचे टेक्ससी रूप आहे.

जॉन लोमॅक्स यांनी 1910 मध्ये काउबॉय गीतांचा संग्रह छापला. त्यातले ‘होम ऑन द रेंज’ पुढे 1947 मध्ये कॅन्ससचे राज्यगीत झाले. त्याचे शब्द कॅन्ससच्याच ब्रूस्टर हिग्ली या डॉक्टरचे आणि 1870 च्या दशकातले. पण लोमॅक्स यांना ते मिळाले सॅन अँटोनियो येथे, कळपांबरोबर स्वयंपाकी म्हणून फिरलेल्या एका काळ्या माणसाकडून. गोऱ्या अमेरिकेचे सर्वांत लाडके काउबॉय गीत जपणारा कंठ काळा होता, ही गोष्ट या विषयात वारंवार सांगावी अशी आहे.

कंट्री ब्लूज

शहरी रंगमंचावर पियानो आणि पितळी वाद्यांच्या साथीने गायल्या जाणाऱ्या ब्लूजपासून वेगळे ओळखण्यासाठी खेड्यातल्या ब्लूजला कंट्री ब्लूज म्हणतात. मिसिसिपी, टेक्सस, जॉर्जिया अशी त्याची घराणी. ‘घराणी’ हा शब्द येथे चपखल बसतो, कारण बोटांची ठेवण आणि लयीचा झोक यांवरून गवई कुठला हे जाणकार सांगू शकतात.

नेहमीचा साचा बारा मापांच्या (इंग्रजीत ‘बार’) आवर्तनाचा. पहिली ओळ गायची, तीच पुन्हा गायची आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर द्यायचे. प्रत्येक ओळ अर्ध्या जागेत संपते आणि उरलेल्या जागेत गिटार बोलते. गंधार आणि निषाद हे स्वर कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी लागतात. आपल्याकडच्या कानाला ते चटकन जाणवते. काही वादक बाटलीची मान किंवा चाकू तारेवर घासून मींड काढत. हवाई बेटांतून आलेली, गिटार मांडीवर आडवी ठेवून धातूच्या पट्टीने वाजवण्याची रीत 1915 च्या सॅन फ्रान्सिस्को प्रदर्शनानंतर अमेरिकाभर पसरली आणि गोऱ्या ताफ्यांत ती स्टील गिटार म्हणून स्थिरावली. दोन्हींचा आवाज शेजारी ठेवून ऐकला तर सख्खे नाते कळते.

टेक्ससच्या कंट्री ब्लूजमधले मोठे नाव ब्लाइंड लेमन जेफरसन. डॅलसच्या डीप एलम या वस्तीत रस्त्यावर गाणाऱ्या या अंध गायकाच्या तबकड्या पॅरामाउंट कंपनीने 1926 पासून काढल्या. त्यांच्यासोबत डॅलसमध्ये वाजवलेले लेड बेली स्वतःच्या काउबॉयपणाचे गाणेही तितक्याच हक्काने गात आणि जीन ऑट्री या गोऱ्या गायक-नटाचे ते चाहते होते.

कॅटलॉगमधली भिंत

1920 मध्ये मेमी स्मिथ या काळ्या गायिकेच्या ब्लूजची तबकडी ओके कंपनीने काढली आणि ती अनपेक्षितपणे तुफान खपली. 1922 मध्ये टेक्ससचे फिडलवादक एक (Eck) रॉबर्टसन यांनी न्यूयॉर्कला जाऊन व्हिक्टर कंपनीसाठी ध्वनिमुद्रण केले. 1923 मध्ये अटलांटाच्या फिडलिन जॉन कार्सन यांची तबकडी खपली. आता कंपन्यांना दोन बाजार दिसले. काळ्यांसाठी ‘रेस’ आणि गोऱ्या खेडुतांसाठी ‘जुन्या चाली’ किंवा ‘हिलबिली’. कोलंबियाने पहिल्यासाठी 14000 आणि दुसऱ्यासाठी 15000 क्रमांकांची मालिका ठेवली. ओकेच्या मालिका 8000 आणि 45000.

या भिंतीचा परिणाम दुहेरी झाला. काळा ताफा स्टुडिओत आला की त्याच्याकडून ब्लूज मागितले जाई. तो वॉल्ट्झसारख्या जोडीनाचाच्या चाली वाजवतो, जुन्या फिडलच्या चाली वाजवतो, याच्याशी कंपनीला कर्तव्य नसे. आज काळ्या फिडलवादकांची ध्वनिमुद्रणे इतकी थोडी का, याचे मोठे कारण हेच. ते वादक होते, भरपूर होते. त्यांना ध्वनिमुद्रण यंत्रासमोर फिडल काढू दिली नाही. दुसरीकडे चॅटनूगाच्या ॲलन बंधूंचे प्रकरण पाहावे. हे गोरे भाऊ ब्लूज इतके अस्सल गात की 1927 मध्ये कोलंबियाने त्यांची एक तबकडी काळ्यांच्या मालिकेत घातली. भाऊ संतापले, त्यांनी कंपनीविरुद्ध अडीच लाख डॉलरच्या दाव्याची भाषा केली आणि शेवटी दुसऱ्या कंपनीकडे गेले. गाणे कोणाकडून शिकलो हे त्यांना ठाऊक असणारच. पण छापील यादीतली चुकीची रांग त्या काळात गोऱ्या माणसाच्या रोजगारावर उठू शकत होती.

मिसिसिपी शेक्स

स्थानिक ताफा कसा असतो ते पाहायचे तर मिसिसिपीतल्या बोल्टन गावाजवळचे चॅटमन कुटुंब पाहावे. वडील हेंडरसन चॅटमन गुलामीच्या काळापासूनचे फिडलवादक. मुले एकाच घरात वाढली आणि बहुतेक सगळीच वाजवणारी निघाली. 1921 मध्ये नट व्हॅलेंटिनोचा ‘द शेक’ हा मूकपट गाजला होता; त्यावरून ताफ्याचे नाव मिसिसिपी शेक्स. लॉनी चॅटमनची फिडल, वॉल्टर विन्सनची गिटार आणि गाणे, आणि भोवती बाकीचे भाऊ. त्यातले एक बो कार्टर या नावाने पुढे स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले.

त्यांचे पोट भरत होते ते मुख्यतः गोऱ्यांच्या नाचांवर. काळ्या वस्तीत ब्लूज, जमीनदाराच्या घरी वॉल्ट्झ आणि फॉक्सट्रॉट, असे ते सहज वाजवत. 1930 च्या फेब्रुवारीत लुइझियानातील श्रीव्हपोर्ट येथे ओकेसाठी त्यांनी ‘सिटिंग ऑन टॉप ऑफ द वर्ल्ड’ मुद्रित केले. बायको सोडून गेली आहे आणि गाणारा म्हणतो आहे की मला काही चिंता नाही, मी जगाच्या माथ्यावर बसलो आहे. चाल मात्र शब्दांवर विश्वास ठेवू देत नाही. लॉनीची फिडल आवाजाच्या मागोमाग, जरा उशिरा, ओली ओली येते आणि सगळे सांगून टाकते. पाच वर्षांत टेक्ससचे गोरे ताफे हे गाणे वाजवू लागले होते. पुढे शिकागोचे ब्लूज गायक हाउलिन वुल्फ यांनी ते गायले आणि त्यांच्यामागून रॉक वाजवणाऱ्या इंग्रज पोरांनी. शेक्सच्या काही वाद्यधुना ओकेने गोऱ्यांच्या 45000 मालिकेतही काढल्या. नुसती फिडल ऐकून वादकाचा रंग कोणाला कळणार होता?

योडल

मिसिसिपीच्याच मेरिडियन गावचे जिमी रॉजर्स रेल्वेत ब्रेकमन, म्हणजे गाडीचे ब्रेक सांभाळणारे कामगार होते. रूळ टाकणाऱ्या काळ्या मजुरांत वावरताना त्यांच्या कानावर ब्लूज पडले. क्षयाने रेल्वेची नोकरी सुटली आणि गाणे हाच धंदा झाला. 1927 च्या ऑगस्टमध्ये टेनेसीतील ब्रिस्टल येथे व्हिक्टर कंपनीसाठी राल्फ पीअर यांनी त्यांचे पहिले ध्वनिमुद्रण केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘ब्लू योडल’ मुद्रित झाले. साचा शुद्ध बारा मापांच्या ब्लूजचा. ओळ संपली की गिटारच्या जागी आवाज छातीतून एकदम डोक्यात उडी मारतो आणि परततो. 1930 मध्ये लॉस एंजेलिसला त्यांच्या नवव्या ‘ब्लू योडल’ला ट्रम्पेटची साथ लुई आर्मस्ट्राँग यांची होती. काउबॉय गाणीही ते गायले, अखेरची वर्षे टेक्ससात राहिले आणि 26 मे 1933 रोजी, अवघ्या 35 वर्षांचे असताना, गेले. त्यांच्या पश्चात गावोगावच्या ताफ्यांना एक तरी योडल येणे भाग पडले. मिसिसिपी शेक्सनीही 1930 मध्येच एक योडलचे गाणे मुद्रित करून ठेवले होते.

आपल्याशी या साऱ्याचा धागा येथे जुळतो. किशोर कुमार यांनी योडलिंग उचलले ते रॉजर्स आणि न्यूझीलंडचे गायक टेक्स मॉर्टन यांच्या तबकड्या ऐकून असे सांगितले जाते. मुंबईच्या स्टुडिओंतून त्यांनी ते साऱ्या देशाच्या तोंडी बसवले.

पिठाच्या पोत्यावर

टेक्ससमधील फोर्ट वर्थ येथे 1931 च्या जानेवारीत केएफजेझेड या रेडिओ केंद्रावरून एक तीन माणसांचा ताफा वाजू लागला. फिडलवर बॉब विल्स, गिटारवर हर्मन आर्नस्पायगर, गायला मिल्टन ब्राउन. प्रायोजक होती बरस मिल ही पिठाची गिरणी. तिच्या ‘लाइट क्रस्ट’ पिठावरून ताफ्याचे नाव पडले लाइट क्रस्ट डोबॉइज, म्हणजे कणकेचे पोर म्हणा. गिरणीचे व्यवस्थापक ली ओडॅनियल यांना हे गावठी संगीत रुचले नाही आणि दोन आठवड्यांत कार्यक्रम बंद झाला. पुढे तडजोड झाली ती अशी की वादकांनी गिरणीत कामही करायचे आणि वाजवायचेही. कार्यक्रम लोकांच्या जिभेवर बसला तेव्हा ओडॅनियल स्वतःच माइकसमोर निवेदक म्हणून उभे राहिले. त्या ओळखीच्या बळावर 1938 मध्ये ते टेक्ससचे गव्हर्नर म्हणून निवडून आले.

विल्स टेक्ससच्या कापूस पट्ट्यातले. लहानपणी काळ्या मजुरांच्या मुलांबरोबर कापूस वेचत त्यांनी ब्लूज उचलले. काळ्या ब्लूज गायिका बेसी स्मिथ यांचे गाणे ऐकायला आपण पन्नास मैल घोड्यावरून गेलो होतो असे ते सांगत. आजोबा आणि वडील फिडलवादक असल्याने रँचवरच्या, म्हणजे गुरांच्या मळ्यावरच्या नाचाच्या चाली घरच्याच होत्या. हे दोन्ही प्रवाह त्यांच्या हातात एकत्र आले. 9 फेब्रुवारी 1932 रोजी डॅलसमध्ये या ताफ्याने पहिली तबकडी केली तिच्या एका बाजूचे ‘नॅन्सी जेन’ हे गाणे शिकागोच्या एका काळ्या ताफ्याकडून घेतलेले होते.

ब्राउन 1932 मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी म्युझिकल ब्राउनीज काढला. त्यातले बॉब डन यांनी 1935 च्या जानेवारीत विजेवर आवाज वाढवलेली स्टील गिटार मुद्रित केली. विजेच्या गिटारच्या अगदी आरंभीच्या ध्वनिमुद्रणांत ती मोडते. ब्राउन 1936 मध्ये मोटार अपघातानंतर वारले. विल्स यांनी 1933 मध्ये गिरणी सोडली, 1934 मध्ये ते ओक्लाहोमातील टल्सा येथे गेले आणि ताफा वाढवत वाढवत त्यांनी ज्याला वेस्टर्न स्विंग म्हणतात ते घडवले. ट्रम्पेट आणि ड्रम आले तसे ते स्ट्रिंग बँडच्या व्याख्येबाहेर गेले. तेथून पुढची गोष्ट वेगळ्या नोंदीची.

पिठाने एवढ्यावर हात आखडला नाही. 1941 च्या नोव्हेंबरात आर्कान्सातील हेलेना गावी केएफएफए केंद्रावरून दुपारी सव्वाबाराला ‘किंग बिस्किट टाइम’ सुरू झाले. माउथ ऑर्गनवर सनी बॉय विल्यमसन (या नावाचे दुसरे वादक), गिटारवर रॉबर्ट लॉकवुड धाकटे. गाणे ब्लूज, वादक काळे आणि प्रायोजक पुन्हा पिठाचाच व्यापारी. दुपारी शेतमजूर जेवायला बसतो आणि घरची बाई तव्याशी असते, ही वेळ पीठ विकणाऱ्याला नेमकी ठाऊक होती. टेक्ससचे डोबॉइज वाजत तेही दुपारच्याच सुमारास. कंपन्यांच्या कॅटलॉगात हे दोन ताफे कधी शेजारी बसले नसते. स्वयंपाकघरातल्या रेडिओने दोघांना सारखीच जागा दिली.

याला जोड देणारी आणखी एक घटना. 19 आणि 20 जून 1937 रोजी डॅलसमध्ये 508 पार्क अव्हेन्यू या इमारतीत रॉबर्ट जॉन्सन यांनी आपली अखेरची गाणी मुद्रित केली. मिसिसिपीच्या कंट्री ब्लूजची ही शिखरे. त्याच शनिवार-रविवारी त्याच ठिकाणी लाइट क्रस्ट डोबॉइजचेही ध्वनिमुद्रण चालू होते. जॉन्सन यांच्यासोबत भटकलेले जॉनी शाइन्स सांगत की रेडिओवर ऐकलेले काहीही ते वाजवत, गोऱ्या खेडुतांची गाणीसुद्धा. तबकड्यांवर मात्र त्यांचे ब्लूजच तेवढे उरले.

नाचाची रात्र

रँचवर किंवा शेतघरात नाच असला की सामान अंगणात काढून ठेवत. जमीन गुळगुळीत व्हावी म्हणून फळ्यांवर मक्याचे पीठ भुरभुरत. फिडलवादक दोन खोल्यांमधल्या दारात खुर्ची टाकून बसे, म्हणजे दोन्हीकडच्या जोड्यांना ठेका सारखा पोचे. तो गजाने वाजवत असता शेजारी बसलेला पोरगा विणकामाच्या सुया किंवा गवताच्या काड्यांनी त्याच तारांवर, गज आणि बोटे यांच्या मधल्या जागेत, ठेका धरी. एकाच वाद्यावर चार हात. काही जण फिडलच्या पोटात रॅटलस्नेकच्या शेपटीचा खुळखुळा टाकून ठेवत. कोणी म्हणे आवाज सुधारतो, कोणी म्हणे ओल धरत नाही. पैसे टोपी फिरवून मिळत. रात्र चढली की ब्रेकडाउन नावाच्या वेगवान नाचाच्या चाली संपून वॉल्ट्झ येई, दमलेल्या पावलांसाठी संथ ब्लूज येई, आणि पहाटे घरी जाण्याआधी कोणीतरी हमखास जुन्या वाटेवरचे एखादे काउबॉय गाणे मागे.

उतरण आणि पुन्हा

1930 च्या दशकात चित्रपटांनी गाणारा काउबॉय उचलला. जीन ऑट्री यांची सुरुवात रॉजर्स यांच्या ब्लू योडलची नक्कल करण्यात झाली होती. पडद्यावर मात्र ब्लूज मागे पडले आणि काळा काउबॉय जवळपास दिसेनासा झाला. नाक्यावरच्या ज्यूकबॉक्सने, म्हणजे नाणे टाकले की तबकडी वाजवणाऱ्या यंत्राने, ताफ्याचे बोलावणे कमी केले. युद्धाने वादक नेले. 1942 ते 1944 या काळात वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणांवर बहिष्कार घातला. युद्धानंतर खेड्यातले काळे वादक शहरांत जाऊन विजेच्या गिटारवर वाजवू लागले. फिडल मात्र त्यांच्या मागे गावातच राहिली.

2005 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या बून येथे काळ्या बँजोवादकांचा मेळावा भरला. तेथे भेटलेल्या तीन तरुणांनी कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स हा ताफा काढला. शिकायला ते मेबेन गावी जो थॉम्पसन यांच्या घरी जात. थॉम्पसन तेव्हा ऐंशीच्या पुढचे, घराण्याची फिडल सांभाळणारे काळे वादक. नोटेशन नाही, पाठ नाही. म्हाताऱ्याने गज लावायचा आणि पोरांनी मागून पकडायचे. या ताफ्याच्या अल्बमला पुढे ग्रॅमी मिळाले. त्यांतले डॉम फ्लेमन्स यांनी 2018 मध्ये काळ्या काउबॉयांच्या गाण्यांचा स्वतंत्र अल्बम काढला. बँजो, माउथ ऑर्गन आणि हाडांच्या चिपळ्या घेऊन ते आजही एकाच बैठकीत कळपाचे गाणे गातात आणि त्याला लागूनच ब्लूज.